शेडमधल्या गाडीचे पुढे काय करावे

मी, शेवटी सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा दातांची डॉक्टर, आता निवृत्त, असे लिहून ठेवते की आज माझी बुद्धी शाबूत आहे, हात थरथरत नाही, आणि हा मजकूर मी कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा गोड बोलण्याला भुलून लिहीत नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात लिहिले होते आणि त्यातला निम्मा मजकूर एकाच माणसाविषयी होता.

संबंधितांची पूर्ण नावे व पत्ते सोबतच्या परिशिष्टात वकीलसाहेबांनी घातले आहेत. इथे मी माणसांना घरात हाक मारते तशीच लिहिणार आहे. मास्तर म्हणजे माझे दिवंगत पती. ते हायस्कुलात भूगोल शिकवत.

कलम पहिले. राहते बैठे घर, त्यातले सामान आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या एकुलत्या मुलीचे. घर माझ्या स्वकष्टाचे आहे, त्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी ढिली आहे, ती तिने आधी बसवून घ्यावी. या कलमातून अंगणाच्या मागची पत्र्याची शेड वगळली आहे.

कलम दुसरे. शेडमध्ये उभी असलेली गाडी. तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल, नाहीतर पुढची कलमे वाचून लोक म्हणतील, म्हातारीला चळ लागला.

ही गाडी एका मोठ्या हॉटेलची होती. पाहुण्यांना आणण्या-नेण्यासाठी त्यांनी ती ठेवली होती. लांबलचक, काळी, सहा सिलिंडरची, आत अक्रोडाचे लाकूड आणि चामड्याच्या बैठका. पुढे नवी गाडी आली आणि ही हॉटेलच्या मागे धूळ खात पडली. मास्तर शाळेत जाताना रोज तिथे थांबत. एक दिवस मलाही घेऊन गेले. मी दार उघडले आणि लोटले. ते दार ज्या आवाजाने मिटले तो आवाज अजून माझ्या अंगात आहे. जाड पुस्तक कोणी अलगद मिटावे तसा. आम्ही गाडी घेतली.

ती धूर ओकत होती. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये आम्हाला सांगण्यात आले, की इतक्या जुन्या गाडीचे काम इथे होत नाही, भंगारात काढा. मास्तर घरी येऊन म्हणाले, "डॉक्टर, मी जन्मभर मुलांना पृथ्वीच्या पोटात काय आहे ते फळ्यावर काढून दाखवलं. उघडून काही दाखवता आली नाही. ही तरी उघडू या."

आम्ही जुन्या बाजारातून तिची दुरुस्तीची पुस्तिका मिळवली आणि सुट्टीच्या दिवशी इंजिनचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे जड झाकण, उतरवले. मी तोवर हजारो लोकांच्या तोंडात डोकावले होते. तिथे जे दिसते त्याने माणूस नम्र होतो, पण थक्क होत नाही. त्या दिवशी मी थक्क झाले. सिलिंडरच्या भिंती आरशासारख्या होत्या आणि त्यांच्यावर तेल धरून ठेवण्यासाठी केसाहून बारीक तिरप्या रेघा ओढलेल्या होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या, कुठेही न चुकलेल्या. बाहेरचा रंग लोकांनी पाहावा म्हणून चमकवतात. हे काम कोणी पाहणार नव्हते. कोण्या अनोळखी माणसाने ते मन लावून केले होते आणि वर झाकण लावून टाकले होते. मास्तरांनी हात पुसले. मग म्हणाले, "आपण चपला बाहेर काढायला हव्या होत्या."

धूर व्हॉल्व्हच्या झिजलेल्या सीलमधून येत होता. ती बदलली, हेड परत बसवले. दवाखान्यातला माझा छोटा आरसा आणि टोकण्या, म्हणजे दात तपासायच्या टोकदार सळ्या, तेव्हापासून शेडमध्येच राहिल्या, कारण इंजिनच्या मागच्या बाजूचे बोल्ट दुसऱ्या कशाने दिसत नाहीत.

कलम तिसरे. जुने ब्रेक. गाडीचे मूळचे चारही ब्रेक-ड्रम तेलकट कापडात गुंडाळून शेडच्या फळीवर ठेवले आहेत. त्यांची हकीकत अशी, की मास्तरांना गाडीतली कुठलीही मूळ वस्तू बदलू द्यायची नव्हती. मी म्हणे, नव्या पद्धतीचे डिस्क-ब्रेक बसवू. ते म्हणत, "ती आहे तशी राहू दे."

"ती आहे तशी थांबत नाही, मास्तर."

यावर आमचे वर्षभर वाजत होते. मग एकदा घाट उतरताना ब्रेक तापले आणि पाय दाबूनही गाडी ऐकेना. मास्तरांनी गिअर खाली घेत घेत, हातब्रेक ओढत ती कठड्याला घासून उभी केली. मागे मुलगी होती. तिला प्रत्येक वळणावर उलटी होत असे, त्यामुळे तिचे तोंड पिशवीत होते आणि तिला काही कळलेच नाही. मास्तरांनी खाली उतरून घासलेला पत्रा पाहिला. मग म्हणाले, "बदलू या." त्यानंतर आम्ही ब्रेक बदलले, दिवे बदलले, मागच्या बैठकीला सुरक्षेचे पट्टे बसवले. नव्या ब्रेकवर त्यांनी पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा एवढे मोठे धूड पाळलेल्या जनावरासारखे जागच्या जागी शांत उभे राहिले.

ते जुने चार ड्रम मी माझ्या धाकट्या दिरांना, म्हणजे भाऊजींना देत आहे. कुठे थांबावे हे त्यांना कधी समजले नाही. हे मी का लिहिते ते पुढच्या कलमात येईल. त्यांची अक्कलदाढ मीच काढली होती, पण परिणाम एवढा होईल असे तेव्हा वाटले नव्हते.

कलम चौथे. निवृत्तीनंतर एका सकाळी मास्तरांच्या हातातून कप निसटला. झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांना सगळे समजत होते, पण शब्द सापडत नव्हते. तोंड उघडत आणि मिटत. आयुष्यभर लोकांना "तोंड उघडा" म्हणणारी मी, तेव्हा ते पाहू शकत नसे.

त्याच महिन्यात भाऊजी एका गिऱ्हाइकाला घेऊन आले. मला न विचारता. ओसरीवर उभे राहून म्हणाले, "वहिनी, व्यवहार बघा. दादा आता काही गाडीखाली जायचा नाही. हा पांढरा हत्ती दारात बांधून काय करणार?"

मी म्हटले, "गाडी तुमच्या दादांची आहे. ते घरात आहेत. त्यांना विचारा."

"त्याला काय विचारायचं, वहिनी? त्याला बोलता कुठे येतंय?"

मास्तर शेजारच्याच खिडकीत बसले होते. त्यांनी सगळे ऐकले आणि तोंड भिंतीकडे फिरवले. मी फाटक उघडून उभी राहिले, दोघेही बाहेर जाईपर्यंत. भाऊजी मनाने वाईट नाहीत हे मला ठाऊक आहे. पण ते वाक्य मी विसरलेले नाही आणि विसरण्याचा इरादाही नाही.

वाचा परत यावी म्हणून एक तरुण बाई घरी येऊ लागल्या. आम्ही त्यांना शब्दवाल्या बाई म्हणत असू. त्या चित्रांचे पत्ते दाखवत. छत्री, सफरचंद, मांजर. मास्तर त्या पत्त्यांकडे नापास मुलांच्या पेपराकडे पाहावे तसे पाहत. आठवडे गेले, एक शब्द फुटला नाही.

एकदा बाई आत शिकवत असताना मी शेडमध्ये गाडी सुरू केली. उभी राहून बॅटरी उतरते म्हणून अधूनमधून करावी लागे. थोड्या वेळाने बाई धावत आल्या.

"डॉक्टर, टॅपेट म्हणजे काय?"

"कोण म्हणालं?"

"सर म्हणाले. मी मांजर दाखवत होते. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं, कान दिला आणि म्हणाले, टॅपेट."

मी इंजिन बंद केले. निवल्यावर वरचे झाकण काढून, व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या एकेका टॅपेटखाली मापाच्या पातळ पात्या सरकवल्या. एका ठिकाणी पाते सैल गेले. फट वाढली होती, आणि ती टकटक गाडीशेजारी उभी राहूनही मला ऐकू आली नव्हती. स्वतःचे नाव सांगू न शकणाऱ्या माणसाने ती बंद खोलीतून ऐकली होती आणि तिचे नाव सांगितले होते. मी तशीच मडगार्डवर बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्ते पिशवीत टाकले आणि मास्तरांची खुर्ची शेडमध्ये आणवली. त्यांनी जे केले ते मी डॉक्टर असून मला सुचले नव्हते. आधी इंजिनचे शब्द आले: पिस्टन, प्लग, गॅस्केट. मग बाईंनी बोट फिरवायला सुरुवात केली. गाडीला दार असते. काच असते. आरसा, दिवा, घड्याळ, चाक. रेडिएटरमध्ये पाणी असते. गाडीचे दार म्हणता आले, तसे बाईंनी त्यांना हाताला धरून घराच्या दारापाशी उभे केले. मास्तरांनी चौकटीवरून डावा हात फिरवला आणि म्हणाले, "दार." असे एकेक शब्द धरून ते गाडीतून घरात आले. मी पाठीमागून चालत होते. देवळातही मला कधी असे वाटलेले नाही.

माझे नाव मात्र आले नाही. पूर्वी ते मला डॉक्टर म्हणत, तोही शब्द गेला होता. काही हवे असले की मला हाक मारत, "पाना." बाई दुरुस्त करायला गेल्या तर मी त्यांना थांबवले. पान्याशिवाय त्यांचे कुठलेच काम कधी झाले नव्हते. पुढे सगळी वर्षे मी त्या हाकेला ओ दिली.

शेवटच्या दिवसांत त्यांनी डाव्या हाताने सगळे टॅपेट स्वतः लावले. पाते जाताना जी हलकीशी ओढ लागावी लागते, ती ओळखायला डाव्या हाताला नव्याने शिकावे लागले होते. मी मागून तपासले. एकही चुकले नव्हते. गाडी सुरू केली. ते बॉनेटवर तळवा ठेवून ऐकत राहिले आणि म्हणाले, "पुरे. छान." त्याच आठवड्यात दुपारच्या झोपेत ते गेले.

कलम पाचवे. मास्तरांमागे माझ्या नावावर झालेली वरील गाडी, तिची सर्व हत्यारे, पुस्तिका, माझा आरसा व टोकण्या मी शब्दवाल्या बाईंना देते. शेड वापरण्याचा हक्क त्या काम करतील तोवर त्यांचा राहील.

कारण असे. मास्तर गेल्यावर बाई दर रविवारी माझ्याबरोबर गाडीचे काम करायला येत राहिल्या. मग एकदा विचारून आपल्या एका रुग्णाला घेऊन आल्या. मोठ्या बसचे चालक, वाचा गेलेले, पत्त्यांना दाद न देणारे. त्यांना आम्ही स्टीअरिंगवर बसवले. ते बराच वेळ नुसते चाक धरून बसले, मग म्हणाले, "हॉर्न." त्यांच्यानंतर आणखी माणसे आली. प्रत्येकाला गाडी लागू पडते असे नाही. ज्यांना पडते त्यांना पडते.

मी मुलीला फोन करून हे सांगितले. तिला वाईट वाटेल म्हणून आडून आडून बोलत होते. ती म्हणाली, "आई, मला त्या गाडीच्या वासानेसुद्धा मळमळतं. ज्यांना हवी त्यांना दे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा फोनवर पहिल्यांदा बोलले ते आठवतंय? 'पाऊस' म्हणाले होते. इथे खरंच पडत होता. मी काही सांगितलं नव्हतं, त्यांनी फोनमधून ऐकला." तिथे पाऊस खरा होता हे मला माहीत नव्हते.

अट एकच. गाडी देखावा म्हणून ठेवू नये. चालवावी, बिघडू द्यावी, उघडावी. काय बदलायचे ते बाईंनी ठरवावे, पुढे कधी विजेची मोटर बसवायची झाली तरी माझी हरकत नाही. तसे झाल्यास जुने इंजिन लाकडी घोडीवर चालू स्थितीत ठेवावे. माणसांना ते ऐकावे लागते.

कलम सहावे. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी वकीलसाहेबांना नेमते. भाऊजी हरकत घेतील. त्यांना शांतपणे ऐकून घ्यावे आणि ड्रम द्यावेत. जड आहेत, गाडीपर्यंत उचलून न्यायला मदत करावी.

सह्या करण्याआधी जे घडले तेही इथे लिहिते. साक्षीदार म्हणून आमचे घरचे डॉक्टर आणि ते बसचालक आले. शब्दवाल्या बाईंना लाभ मिळत असल्यामुळे वकीलसाहेबांनी त्यांना अंगणात थांबायला सांगितले. भाऊजी उद्या विचारतील, की ज्याला बोलता येत नाही तो साक्षीदार कसला. म्हणून वकीलसाहेब म्हणाले, साक्षीचा मजकूर चालकांनीच मोठ्याने वाचावा. चालकांनी कागद घेतला. एकेक शब्द पायरी चाचपावी तसा उच्चारला. खाली सहीपाशी लिहिलेल्या शेवटच्या शब्दावर अडले. "सा," म्हणाले, आणि थांबले. पुन्हा "सा". डॉक्टर तो शब्द पुरवायला पुढे झाले, मी हाताने त्यांना अडवले. चालकांनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि म्हणाले, "साक्षीदार."

बाहेर अंगणात बाईंनी तो शब्द ऐकला असावा. त्या मोठ्याने म्हणाल्या, "बरोबर."

लिहून देणार : सही, दातांची डॉक्टर (निवृत्त)

वरील मजकूर लिहून देणारीने आमच्या समक्ष वाचून, समजून सही केली. तिच्या समक्ष आम्ही सह्या केल्या.
साक्षीदार एक : सही, घरचे डॉक्टर
साक्षीदार दोन : सही, बसचालक (डाव्या हाताने)

ठिकाण : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : ९ मार्च २०२५, रविवार