झोळी

परळ, मुंबई
पौष शुद्ध अष्टमी, शके १८७७

ती. सौ. अक्कांस, धाकट्या जावेचा नमस्कार. टाक्यांमुळे वाकता येत नाही, तेव्हा तो कागदावरच घ्यावा.

काळजी करू नका, मी बसून लिहिते आहे. इथली आमटी उपनिषदासारखी आहे. डाळ दिसत नाही, पण आहे असे सांगतात. तुमचे गुडघे कसे आहेत?

पहिल्या ऑपरेशनचे टाके सहा महिन्यांत सैल पडले. म्हणून या खेपेस डॉक्टरांनी माझ्याच पोटातली पट्टी काढून मूत्राशयाखाली झोळीसारखी बांधली. चार पोरांनंतरची ही पाचवी झोळी. आज सकाळी नळी काढली. "उद्या खोकून दाखवा, बाई. कोरड्या राहिलात तर सुटलात," म्हणाले.

आज दुपारी रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा आला आणि पोलिसांचा अश्रुधूर वॉर्डात शिरला. सगळ्या बायका खोकल्या. मीही खोकले, आणि लुगडे भिजले. शेजारच्या खाटेवरची गंगुबाई म्हणाली, "रडा नको गो बाय, धूर आता जातलो." मी धुरानेच रडते आहे असे तिला वाटू दिले.

माझे नाव भागीरथी ठेवताना वडिलांनी एवढा विचार केला नसावा.

डॉक्टरांना सकाळी सांगेन. तिसऱ्यांदा करण्यासारखे काही नाही, हे त्यांनी आधीच बजावले होते. ह्यांना मात्र 'अशक्तपणा आहे' एवढेच सांगा.

माघी गणपतीचा नैवेद्य यंदा मी करीन म्हटले होते. सोवळ्यात ओलेते चालते, पण ते विहिरीच्या पाण्याचे. तेव्हा उकड काढायला तुमच्या मालनला शिकवा, आणि चुलीपाशी माझा पाट तिला द्या. मी अंगणात पत्रावळी लावीन. तिथे खोकला आला तरी कोणाचे काही विटाळत नाही.

तुमची,
भागी