उतरून बघायची गावं

नाना, तुमची नात अमेरिकेत मिलवॉकीला शिकायला जायचं म्हणते आहे. तुम्ही तिला पाहिलंत तेव्हा ती पाळण्यात होती आणि सारखी तुमचा चष्मा ओढायची. आता ती माझं ऐकत नाही. गेल्या आठवड्यात आम्ही इथे दोहातच, अल दुहैल भागात एका मैत्रिणीकडे जेवायला गेलो होतो. मैत्रीण पुण्याची, त्यामुळे जगातल्या सगळ्या गावांची प्रतवारी तिच्याकडे तयार असते. "मिलवॉकी? हे कुठे आलं गं? शिकागोला नाही मिळालं का?" मी घाईघाईनं म्हटलं, "शिकागोजवळच आहे, अगदी जवळ." गाडीत बसल्यावर लेक म्हणाली, "आई, व्हाय डू यू कीप सेइंग दॅट? इट हॅज अ नेम." तुम्ही असतात तर तिचीच बाजू घेतली असती, हे मला ठाऊक आहे.

कारण आपण भुसावळचे. भुसावळ म्हटलं की समोरचा "हां, जंक्शन ना!" म्हणणार, मग केळी, मग उन्हाळा, की झालं आपलं गाव. तुम्ही जन्मभर रेल्वेत, त्यामुळे हे रोज ऐकायचात आणि रोज चिडायचात. "गाडीत बसून गाव दिसतं का? उतरून बघा म्हणावं." गाव पारखायची तुमची एक रीत होती. नव्या गावात रस्ता माहीत असला तरी मुद्दाम कुणाला तरी पत्ता विचारायचा. नुसता हात दाखवला तर गाव बेताचं, चार पावलं सोबत आला तर गाव चांगलं. आई वैतागायची, "माहीत असताना कशाला विचारता हो?" तुम्ही तिच्याकडे बघायचाही नाहीत.

दोहाही जंक्शनच की. निम्मं जग विमान बदलताना काचेतून हे गाव बघतं आणि त्यावर मतं देतं. तुम्ही आलात ते भर जूनमध्ये, ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत. गॅलरीत उभे राहून म्हणालात, "वाळू, क्रेन आणि एसी. याला काय गाव म्हणायचं?" उन्हाचं मात्र कौतुक नव्हतं, आपल्याकडे मे महिन्यात असंच असतं, हे तुम्ही माझ्या शेजाऱ्यांना अभिमानानं सांगत होतात. एका संध्याकाळी तुम्ही दूध आणायला खाली उतरलात आणि परत येईचनात. मी पोरीला कडेवर घेऊन बिल्डिंगच्या दारात उभी, जीव टांगणीला लागलेला. तेवढ्यात एक पिकअप येऊन थांबते. पुढच्या सीटवर तुम्ही, मांडीवर टरबूज. चालवणारा पठाण उतरून म्हणतो, "दीदी, बाबा दुकान का रास्ता पूछ रहे थे. मैंने सोचा, घर भूल गए होंगे. पूरा इलाका घुमाया. टरबूज बच्ची के लिए. यल्ला, चलता हूँ, खुदा हाफिज." दूध मिळणारं दुकान आमच्याच बिल्डिंगखाली होतं, नाना, आणि तुम्ही तिथे आधी तीनदा जाऊन आला होतात. मी इतकी रागावले, आणि तुम्ही शांतपणे टरबूज कापायला सुरी मागितलीत.

परत जाताना विमानतळावर तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "गाव चांगलं आहे, बाई, तुझं," म्हणालात आणि आत गेलात, मागे वळून न बघता. मला वाटलं, सामानाची काळजी असेल.

आमच्या ऑफिसात एक वयस्क इंजिनिअर मूळचा मिलवॉकीचा आहे. काल चहाच्या वेळी मी त्याला गाठलं. आधी म्हणाला, "आमच्याकडे काही नाही हो. थंडी आहे. लोक शिकागोला जाता-येता आम्हाला बघतात." अगदी आपल्या भुसावळकरांसारखं. मग हळूहळू खुलला. तिथलं सरोवर, म्हणे, एवढं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही. शुक्रवारी संध्याकाळी गावच्या गाव तळलेले मासे खायला बाहेर पडतं. बर्फ पडला की शेजारी स्वतःचं अंगण साफ करता करता न सांगता तुमचंही करून टाकतो. त्याचा चहा गार झाला तरी त्याचं संपेना. शेवटी मी विचारलं, "तिथे अनोळखी माणसानं पत्ता विचारला तर लोक काय करतात?" तो हसला. "दारापर्यंत पोचवतात. वाटेत स्वतःच्या बहिणीचं घरही दाखवतात. तुम्हाला उशीर होतो." मीही हसले, आणि जागेवर येऊन बसल्यावर मला रडू आलं.

तुम्ही मागे वळून का पाहिलं नाहीत, ते मला काल कळलं. वाईट गावातून लेक परत येते, चांगल्या गावात ती राहते. मी आता इथलीच झाले हे तुम्हाला त्या टरबुजाच्या दिवशीच समजलं असणार, आणि तरी तुम्ही "तुझं" म्हणालात. आज मैत्रिणीचा फोन आला. लेक समोरच बसली होती. कुठे जायचं ठरलं, असं तिनं विचारल्यावर मी नुसतं "मिलवॉकी" म्हटलं, शिकागोचं नावसुद्धा काढलं नाही. लेकीनं मोबाइलमधून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुझं गाव" म्हणणं मात्र मला अजून जमलेलं नाही. आणि हे कुणाच्या हाती पडायचं नाही म्हणून सांगते, नाना: त्या माणसाला पत्त्याचं विचारलं तेव्हा तो "नुसता हात दाखवतात" म्हणेल, अशीच मी मनातून आशा धरून होते.