सातशे यार्डांचं काडतूस

सॅमन, आयडाहो
३ ऑगस्ट १९९४

ती. व्हर्नाताईस,
साष्टांग म्हणवत नाही, गुडघा वाकत नाही, उभ्यानेच नमस्कार.

यंदा सोडतीत माझं नाव निघालं. वरच्या खोऱ्यातल्या नर एल्कच्या, त्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीचा परवाना. वर्षानुवर्षं अर्ज केले, मिळाला अडुसष्टाव्या वर्षी. पुन्हा निघेल तेव्हा मी नसेन, निदान हे पाय तरी नसतील. दरीत उतरणं जमणार नाही. म्हणून अलीकडच्या कड्यावर बसून पलीकडच्या उतारावर बार टाकायचा, असं ठरवलंय. अंतर सातशे यार्ड. माझ्या जुन्या टू-सेव्हन्टी बंदुकीचं हे काम नाही. दुकानदार जास्त जोराची थ्री हंड्रेड मॅग्नम बंदूक घ्या म्हणतो. तू जन्मभर काडतुसं भरतेस, तूच सांग. हॅटीचं म्हणणं, नवरा एक, गुडघा अर्धा आणि बंदुका सहा.

लोभ पूर्वीइतकाच, सल्ला थोडा जास्त.
तुझा डेल्बर्ट

लँडर, वायोमिंग
११ ऑगस्ट

चि. डेल्बर्ट यास अनेक आशीर्वाद, आणि तुला सांभाळते म्हणून हॅटीला दुप्पट.

मोसम तोंडावर आला, गावभरची काडतुसं भरून बोटं आखडली आहेत, तेव्हा थोडक्यात लिहिते. मॅग्नमची गोळी तिथवर जाईल आणि जोरातही जाईल. पण ती पोचेपर्यंत जनावराने एक पाऊल टाकलं, तर छातीऐवजी पोटात बसेल. मग जखमी एल्कमागे दरीत तुलाच उतरावं लागेल. काडतूस गुडघ्याची भरपाई करत नाही.

तू बंदूक घेऊन मोकळा झाला असशील, हेही ठाऊक आहे. तिकडे माल नेणाऱ्या अर्लनच्या ट्रकमधून त्या बंदुकीच्या काडतुसांचा डबा पाठवते. त्यातली काही पोकळ आहेत. दारू नाही, बुडाची ठिणगीची टोपी वापरलेली. बंदुकीत घालायचं काम हॅटीने करायचं, तू डोंगराकडे बघायचं, म्हणजे कोणतं आलं ते तुला कळणार नाही. पोकळ आलं की काय होतं ते कळव, खरंखरं.

तब्येतीस जप. माझी बरी आहे म्हणायची.
व्हर्ना

सॅमन
२९ ऑगस्ट

ती. ताईस नमस्कार.

बंदूक घेतली होती, कबूल. तीन आठवडे रोज सराव केला, खांदा निळा पडलाय. तुझा डबा काल वापरला. भरलेलं काडतूस आलं की बार उडाल्याच्या धक्क्यात काही कळत नाही. पोकळ आलं तेव्हा नुसती टिक झाली, आणि नळी वीतभर खाली गेली. मी डोळे मिटले होते. हॅटी आधी हसली, म्हणाली की एल्कने ही सलामी पाहिली तर तोही मान झुकवेल. दुसऱ्या पोकळालाही तसंच झालं. मग ती हसली नाही.

म्हणजे चाप दाबण्याआधीच मी धक्क्याला भितो. या वयात हे कळावं. आता काय करू?

धाकट्यावरची माया आटू नये.
डेल्बर्ट

लँडर
५ सप्टेंबर

चि. डेल्बर्ट यास आशीर्वाद.

मॅग्नम विकून टाक. टू-सेव्हन्टी काढ आणि तीनशे यार्डांच्या आत गेल्याशिवाय खांद्याला लावू नकोस. म्हणजे चालावं लागेल. हळू चाल, अख्खा दिवस लागू दे. एक मात्र ध्यानात ठेव: मोठ्या बंदुकीने लावलेली खोड लहान बंदुकीतही सोबत येते. रिकाम्या बंदुकीचा चाप रोज ओढून बघ. नळी हलायची थांबेपर्यंत तू शिकारी नाहीस. रागावलास तर रागाव, माझ्यात भांडायचं त्राण नाही.

पोचल्याची ओळ लिही.
व्हर्ना

सॅमन
२८ ऑक्टोबर

ती. ताईस नमस्कार.

मोसम संपला. शेवटच्या दिवशी काठी टेकत दरीच्या तळापर्यंत उतरलो, दुपार झाली. समोर नर एल्क आडवा उभा होता, जेमतेम अडीचशे यार्डांवर. असा मी आयुष्यात पाहिला नव्हता. पाठीवरचं पोतं उतरवून त्यावर टू-सेव्हन्टी टेकवली आणि आधी रिकामीच ओढली. नळी बुडाली. पुन्हा ओढली, पुन्हा बुडाली. घरी जमलं होतं, तिथे त्याच्यापुढे जमेना. भरलेलं काडतूस मुठीत धरून ओढत राहिलो. अखेर एकदा नळी जागची हलली नाही. काडतूस आत सारून वर पाहिलं, तर तो झाडीत शिरत होता. मागचा भाग तेवढा दिसला. त्यावर बार टाकला नाही.

बरं वाटलं, असं लिहिणार नाही. वर चढायला रात्र झाली. दारात हॅटीने हात रिकामे पाहिले आणि विचारलं की नेम चुकला का. चुकलो नाही, म्हणालो. तिने पाय शेकायला पाणी ठेवलं.

तुझ्या बोटांना विश्रांती दे. आठवण ठेव.
डेल्बर्ट