खारीची शिंगं

३ जानेवारी, शनिवार
चांदणी शेळी परवा व्याली – दोन! एक पाट, एक बोकड. गेल्या वेताची दोन्ही मेली होती, म्हणून धीर नव्हता. आता दोघं उड्या मारतायत आणि मी चहा गार होईपर्यंत बघत बसते. लेकीने, संस्कृतीने, पाटीचं नाव खारी ठेवलं, बोकडाचं टोस्ट. आप्पा कुरकुरले, "बोकडाला नाव नको ठेवूस गो. तो देवाचा हाय."
खरंय. दोन जगली तर बोकड तुला, असा नवस त्यांनीच गावच्या राखणदार देवाला बोललाय. शिमगा झाला की द्यायचा. सासऱ्यांच्या नवसात सुनेने काय बोलायचं? संस्कृतीला अजून सांगितलेलं नाही.

५ जानेवारी
धार काढताना चांदणीने शिंग मारलं, शेजारी उभ्या संस्कृतीच्या भुवईला. डोळा थोडक्यात वाचला. पोर कमी रडली, मीच जास्त. खारीची शिंगं वाढू द्यायची नाहीत, ठरलं. गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. कोंब लहान आहेत तोवरच डागायचे म्हणाले, आधी बधिर करून. शुक्रवारी येतायत.

६ जानेवारी
आप्पांना पटत नाही. "शिंगां नसली नि बिबट्या आला तर काय कानान मारंल?" मी म्हटलं, दार नीट लावू. मग म्हणाले, "हरिश्चंद्राचा बोकड आठव." शेजारच्या हरिश्चंद्रभावोजींच्या बोकडाचं शिंग कुंपणात मोडलं, तर गावच्या मानकऱ्यांनी तो नवसाला घेतलाच नाही. मोडक्या शिंगाचा देवाला चालत नाही. शेवटी नारळावर भागलं.
पण खारी कुठे देवाला जायचीय? म्हातारपणी कुठलं कुठे नेतात.

८ जानेवारी
आप्पा पडवीत, टोस्ट मांडीवर झोपलेला. पायाला मुंग्या आल्या तरी उठेनात. "थंडी हाय, म्हणून," म्हणाले. ऊन चांगलं रणरणत होतं. हसू आलं, मग वाईट वाटलं.
सागरचा मुंबईहून फोन – "डागून टाक, काही होत नाही." नवऱ्याला तिकडून सांगायला काय जातंय. खारीच्या टाळूवर बोट फिरवलं. कोंब हाताला लागतात. आठ दिवसांच्या जिवाला मीच दुखवणार.

९ जानेवारी, शुक्रवार
झालं एकदाचं. केस जळल्याचा वास आला, मी डोळे मिटले. खारी जरा वेळ सुन्न, मग आईला लुचायला लागली. मी डॉक्टरांना चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तर आप्पा टोस्टला पंच्यात गुंडाळून बसलेले. आज जेवण गोड लागलं.

१० जानेवारी
सकाळी पंचा सोडला. टोस्टच्या डोक्यावरही दोन डाग!
आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. "डॉक्टर आलेच व्हते," म्हणाले. "आता देव घ्यायचा न्हाय त्येला. नारळ आणतो." नि पायरीवरूनच हाक मारली, "टोस्ट, चल रे."