बारावं चित्र

१४ एप्रिल, रविवार

नापास. सहापैकी सहा जणांनी.

छायाचित्र मंडळाच्या रविवारच्या टेबलावर आज माझं पहिलं चित्र ठेवलं. चित्रावर नाव नसतं. कुणाचं आहे ते ओळखू आलं तरी ओळखलं नाही असं दाखवायचं, आणि ज्याचं असेल त्याने तोंड उघडायचं नाही. हा नियम मला जड नाही.

आधी प्रत्येकाने एक तरी चांगली गोष्ट सांगायची असते. चौघांनी कागद चांगला आहे म्हणून सांगितलं. मग स्टुडिओवाल्या कामतांनी काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन घेतले आणि चित्रावर सरकवत बसले – कुठून कापलं तर बरं दिसेल ते बघायला. सरकवता सरकवता आगपेटीएवढा तुकडा उरला. "एवढं ठेवा," म्हणाले, "बाकीचं ज्याने काढलं त्याला परत द्या."

सगळे हसले. मीही हसलो असेन.

क्षितिज उजवीकडे कललेलं, पाणी सांडेल असं. भूमापन खात्यात चौतीस वर्षं पातळी लावली आणि क्षितिज वाकडं! आकाश पांढरंफटक. कामतांच्या मते ते इतकं रिकामं आहे की भाड्याने देता येईल.

नागवेणी, माझी बायको, असती तर हसली नसती. नुसतं बघितलं असतं.

१५ एप्रिल

काय करायचं आहे ते एकदा नीट लिहून ठेवतो.

नागवेणीने – मंडळात तिला सगळे टीचर म्हणायचे – शरावतीच्या धरणाच्या पाण्याची अकरा चित्रं काढली. एकाच खडकावरून, महिन्याला एक, जून ते एप्रिल. मे राहिला. गेल्या वर्षी २७ एप्रिलला ती गेली.

मंडळाचं वार्षिक प्रदर्शन १ जूनला. संच पुरा बाराचा असेल तरच टांगतात. बारावं मी काढलं तर खाली आम्हा दोघा भटांची नावं घालून चालेल, असं बैठकीत ठरलं. पण ते मे महिन्यातच काढलेलं हवं आणि टेबलावर पास झालं पाहिजे. सवलत नाही. मी मागितलीही नाही.

तोवर सराव.

२१ एप्रिल, रविवार

पुन्हा नापास. या वेळी रंगांवरून.

शैलजाकडे – ती बँकेत आहे, मंडळाचा संगणक तिच्या ताब्यात – गेल्या गुरुवारी चित्र सुधारायला शिकलो. घरी येऊन एकट्याने केलं आणि हात आवरला नाही. चिखल तांबडा केला, झाडं हिरवी केली, पाणी निळं केलं. कामत म्हणाले, लग्नाच्या अल्बमात नवरा-नवरीच्या मागे असतं तसलं पाणी आहे. शैलजाने समजुतीच्या सुरात सांगितलं, "काका, ताकाच्या तंबळीत गरम मसाला घातलात तुम्ही."

नियम तिनेच मोडला. काका म्हणाली. कुणी ऐकलं असं दाखवलं नाही.

२३ एप्रिल

पहाटे निघालो. साडेसहाला खडकावर.

या खडकापर्यंत मी हा सराव सुरू होण्याआधी एकदाच उतरलो होतो – गेल्या एप्रिलच्या सुरुवातीला, तिला धरून. एरवी दर महिन्याला मी वर रस्त्यावर गाडीत पेपर वाचत बसायचो. ती तासाभराने वर यायची. "झालं?" "झालं." मग वाटेत कुठेतरी धण्या-जिऱ्याचा कषाय प्यायचो आणि घरी, सागर गावी परत.

खडकाच्या टोकाला हद्दीचा दगड आहे, धरणात जमिनी गेल्या तेव्हाचा. चार फूट दोन इंच. आमच्याच खात्याने रोवलेला. तिच्या अकराही चित्रांत तो डावीकडे आहे. मी त्याला वगळत होतो, कारण मला तो कामाचा दगड वाटत होता. आता घेतला.

२८ एप्रिल, रविवार

क्षितिज सरळ. दगड आहे. रंग जागच्या जागी. तीन बरे शेरे, तीन वाईट.

कामत बाहेर पडताना म्हणाले, "भट्रे, आता तुमची चित्रं नापास करायला मेहनत पडते."

५ मे, रविवार

मे महिन्यातलं पहिलं. काल काढलेलं. पाणी फार खाली गेलंय. चिखलाला भेगा, जुन्या झाडांची खोडं वर आलेली, एका विहिरीचा काठसुद्धा.

चित्र एकटं ठेवलं तेव्हा कुणी नावं ठेवली नाहीत. मग शैलजाने नागवेणीची अकरा ओळीने मांडली आणि शेवटी माझं. म्हणाली, वाईट नाही, पण दुसऱ्या घरचं वाटतं. मार्च-एप्रिलच्या शेजारी तर फारच. "त्या दोन जमिनीजवळून काढल्यात. हे उभ्या माणसाने काढलंय."

सगळ्यांना पटलं. कामत चष्मा पुसत बसले. पुठ्ठ्याचे काटकोन त्यांनी उचललेच नाहीत.

८ मे

शैलजाकडून अकरा चित्रांच्या मूळ प्रती आणल्या – न कापलेल्या, न सुधारलेल्या. मला फक्त कॅमेऱ्याची उंची हवी होती.

ती काढणं सोपं आहे. आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात: क्षितिज जवळच्या खांबाला जिथे छेदतं, तेवढ्या उंचीवर बघणाऱ्याचा डोळा. इथे पलीकडचा पाण्याचा काठ आणि हद्दीचा दगड. कागदावर पट्टी धरली की झालं.

जून, जुलै: क्षितिज दगडाच्या बरंच वर. पाच फूट. ती उभी आहे.
ऑगस्ट: साडेचार.
सप्टेंबर: दगडाच्या डोक्याला टेकलेलं.
ऑक्टोबर: साडेतीन.
नोव्हेंबर: अडीच फुटांच्या आत. डिसेंबर दोन. जानेवारी दीड, फेब्रुवारी सव्वा.
मार्च, एप्रिल: एक फूट.

दोनदा तपासलं. चूक नाही.

मार्चमध्ये तिच्या मणक्यात गाठ निघाली. तोवर ठणठणीत होती, कसली तक्रार नव्हती, सहा आठवड्यांत आटोपलं – वर्षभर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत आलोय. मुलीलाही.

९ मे

खालून चित्र काढण्याची पद्धत असते. शैलजा तसं म्हणालीच. कोणीतरी सल्ला दिला असेल.

पण सल्ल्याने माणूस एकदम खाली बसतो. महिन्याला सहा इंच असा उतरत जात नाही.

१० मे

काही केलं नाही. बाजारातून वांगी आणली होती, ती तशीच.

१२ मे, रविवार

आज टेबलावर चित्र ठेवलं नाही. बैठक संपल्यावर कामतांबरोबर त्यांच्या स्टुडिओत गेलो. उंचीचा कागद पुढे ठेवला. हे काय आहे, म्हणून विचारलं.

त्यांनी कागद वाचला. पासपोर्टच्या फोटोसाठी एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला आधी मोकळं केलं. मग म्हणाले, "मीच सांगितलं होतं. दर महिन्याला थोडं थोडं खाली या म्हणून. एकदम बसलं की चित्र बिघडतं."

आणि खरंच – नोव्हेंबरच्या बैठकीत ते सगळ्यांदेखत हेच बोलले होते! टीचर आता माझं ऐकायला लागल्यात, उभं राहून काढायच्या तेव्हा खिडकीवरच्या कारकुनासारखं दिसायचं, आता चित्रात जमीन आली. तिला घरी न्यायला मी लवकर येऊन बसलो होतो, तेव्हा ऐकलं होतं. विसरलो कसा?

कागद फाडून टाकला. येताना खानावळीत नीर दोसे खाल्ले. चार.

१६ मे

तिथीने आज वर्षश्राद्ध. मुलगी-जावई आले होते. सगळं नीट झालं.

१८ मे

पाच दिवसांत आज पहिल्यांदा सकाळी ढग होते. तुकड्या-तुकड्यांचे, पावसाचे नव्हेत. आकाश रिकामं नव्हतं.

मार्च-एप्रिल एक फूट, तर मे त्याहून खाली हवा. ट्रायपॉड ठेवलाच नाही. खडकावर पालथा झोपलो, कॅमेरा पिशवीवर टेकवला. गुडघे सोलले. तिथून हद्दीचा दगड घराएवढा दिसतो. भेगा थेट पायाशी येतात. पलीकडचं पाणी म्हणजे नुसती एक रेघ.

उठायला वेळ लागला. बासष्ट वर्षं. तिने हे कसं जमवलं असेल – पण तिला चित्राचा नाद होता, मला नाही.

चौदा काढली. अकरावं बरं आहे.

१९ मे, रविवार

पास.

सहापैकी सहा. कामतांनी काटकोन घेतले, चारी बाजूंनी सरकवून बघितले आणि खाली ठेवले. कापायला काही नाही. शैलजाने बारा ओळीने मांडली. जूनमध्ये पाणी आणि आकाश, आणि एकेक महिना पुढे जावं तशी जमीन वर येत जाते, मेमध्ये जमीनच जमीन. कुणीतरी म्हणालं, हे आधीपासून ठरवल्याशिवाय होत नाही. पास झाल्यावर मला बोलायची परवानगी होती. तिने ठरवलं होतं, एवढं म्हणालो.

कामत लवकर गेले. पोट ठीक नाही म्हणाले.

२३ मे

शैलजाकडे शेवटचं काम. तिने मला माझं चित्र माझ्या हाताने सुधारू दिलं, मागे उभी राहून. ढगांचा पांढरा किंचित उतरवला. भेगांतला काळोख तसाच ठेवला. मला तो उजळावासा वाटत होता. ती म्हणाली, काका, सगळंच दिसलं पाहिजे असं कुठे आहे. रंगांना हातच लावला नाही. वीस मिनिटांत झालं. एप्रिलमध्ये चार तास लागले होते आणि बिघडलं होतं.

२६ मे, रविवार

प्रदर्शनात प्रत्येक संचाशेजारी पाटी असते. दहा ओळींची मुभा. मी चारच लिहिल्या.

शरावतीचं पाणी, बारा महिने.
जून ते एप्रिल – नागवेणी भट. मे – सुब्राय भट.
सर्व चित्रं एकाच खडकावरून.
दर महिन्याला थोडं खाली येण्याचा सल्ला श्री. प्रभाकर कामत यांचा. त्यांचे आभार.

शैलजाने छापायला घेतली. ती शेवटची ओळ सगळ्यात छान आहे, असं ती म्हणाली.

३० मे

टांगून झालं. शाळेच्या चित्रकलेच्या हॉलमध्ये, खिडकीसमोरची भिंत मिळाली. चौकटींची पातळी मी लावली. या कामात तरी कुणी चूक काढणार नाही. कामत आले होते. पाटी वाचली आणि दुसऱ्या भिंतीकडे गेले.

३१ मे, शुक्रवार

संध्याकाळी कामत घरी आले. बसा म्हटलं, बसले नाहीत. पाटीवरची शेवटची ओळ काढा म्हणाले. मी म्हटलं, सल्ला तुमचा, मग आभार नकोत का.

"मी टीचरना कधीच खाली बसा म्हटलं नव्हतं, भट्रे. पाठ उभं राहू देत नाही, हे त्यांनी मला गणपतीच्या आधी सांगितलं. मला वाटलं, पाठदुखीच. घरी कळलं तर हे गाडी काढणार नाहीत, बारा पुरी व्हायची नाहीत, म्हणाल्या. तेव्हा बैठकीत तुमचाच सल्ला म्हणून सांगा. मोठ्याने सांगा, हे मागच्या रांगेत बसलेले असतात."

ओळ काढली.

मी मागच्याच रांगेत होतो. नीट ऐकू आलं होतं.