दुसरं बारसं

अल्लीपूर, ३ मार्च १९५२

ती. अनुसयावन्संस मंदाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे भाऊ परत आले. वॉरंट रद्द झालं आणि हिंगणघाटच्या कापसाच्या जिनातले मजूर आपल्या पुढाऱ्याला बैलगाडीवर लाल बावटा लावून दारापर्यंत घेऊन आले.

पण घरात आनंद नाही. पोलिसांचा ससेमिरा चुकावा म्हणून मामंजींनी हे जंगलात मारले गेल्याची हूल उठवली होती. पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला, तेरवीही घातली. मी सोंग म्हणून कुंकू पुसलं. सासूबाई खऱ्या रडल्या तरच पोलिसांना पटेल, म्हणून त्यांना काही सांगितलंच नाही. आता मामंजी नाहीत आणि माझं सासूबाईंना पटत नाही. म्हणाल्या, माह्या वासूच्या तेरवीचं मी लोकाइले वाढलं, हा कोन आनला?

यांच्याकडे त्या बघत नाहीत. पान ठेवतात ते अंगणात, दक्षिणेकडे, पितरांना ठेवावं तसं. हे हसत तिथेच बसतात. कावळा यांना भीत नाही, यांच्याच पानातून घास उचलतो. मला फार भीती वाटते. काही उपाय सुचवा, आणि माया पातळ करू नका.

तुमची,
मंदा

तळेगाव, २० मार्च १९५२

चि. सौ. मंदास अनेक आशीर्वाद.

सौ. लिहिताना माझाच हात अडखळला, मग तुझं काय होत असेल. इथल्या भटजींना विचारलं. तेरवी झालेला माणूस परत आला तर त्याला न्हाऊ घालून पाळण्यात निजवतात, बारसं करतात आणि बायकोशी पुन्हा लग्न लावतात. आईला तेवढंच पटेल. मिशांचं बाळ पाळण्यात कसं मावेल ते तू बघ, मी बाळंतविडा आणते.

वासू लहानपणी आईची हाक आल्याशिवाय जेवायला उठत नसे. वरून कितीही हसला तरी तो आतून झुरतो आहे, हे मला इथे बसून कळतं. त्याला तयार कर. जपून राहा, आमची आठवण असू दे.

तुझी,
अनुसया

अल्लीपूर, २९ नोव्हेंबर १९५३

ती. वन्संस शि. सा. न. वि. वि.

तार मिळाली असेलच. तुम्हाला सगळं सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

दीड वर्ष ते नाहीच म्हणत होते. मी जित्ता हाओ हे भटजीनं काऊन सांगावं, लोकाइले पोथ्या सोडा म्हनतो अन् मीच पाळन्यात झोपू? असं म्हणायचे. मग दिवाळीनंतर एकदा अंगणातल्या पानावरून उठले आणि हळूच म्हणाले, मायसाठी झोपतो, संपावरून आलो का कर बारसं. मी शेजारच्या जिजाबाईकडून पाळणा आणून आढ्याला टांगला.

ते जिनाच्या संपावर गेले त्या दिवशी संध्याकाळी सासूबाई आपणहून उठल्या. चुलीपाशी पाट मांडला, ताट वाढलं आणि दारात जाऊन हाक मारली, वासू, जेवाले ये बाप्पा. मी आनंदाने धावले. दारात कोणी नव्हतं. त्या मात्र अंग चोरून बाजूला झाल्या, आत येणाऱ्याला वाट द्यावी तशा.

ताट अजून पाटासमोर होतं तेव्हा बावट्याची गाडी आली. जिनाच्या फाटकापाशी त्यांच्या डोक्यात लाठी बसली होती, दवाखान्यात दुपारीच प्राण गेला होता.

बायका कुंकू पुसायला आल्या. सासूबाईंनी त्यांना उंबऱ्याशीच अडवलं. म्हणाल्या, तो आत जेवून राह्यला, तुमी सवाशिनीचं कुंकू काऊन पुसता? दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, एकही कावळा आला नाही.

आता रोज संध्याकाळी ती हाक येते. मी हात जोडून सांगितलं की ते गेले. त्या हसल्या. वन्सं, तुम्ही मला वेडी म्हणाल, पण ताट रोज खरकटं निघतं, आणि ते मीच घासते.

पाळणा परत केलेला नाही. याल तेव्हा बाळंतविडा घेऊन या. माझ्यावरची माया होती तशीच ठेवा.

तुमची,
सौ. मंदा