पिशाच्चाला ‘या’ म्हटलं

रवि. ८ जाने. १९८४, कोराडी
दुपारी खेळ. विनूच्या मित्राने अमेरिकेहून पाठवलेलं पुस्तक, फासे आणि आमच्या क्वार्टरमधली सतरंजी. विनू, माझा धाकटा भाऊ, गोष्ट चालवणारा; मी, माझी बायको शालू आणि शेजारचे वानखेडे त्या गोष्टीत एकेक सोंग घेऊन खेळणारे. पुस्तकातल्या ‘लेव्हल’चं मी ‘इयत्ता’ केलं तेव्हा सगळे हसले, आता तेच चालतं. वानखेडेंचा जादूगार सहावीत, माझा चोर आठवीत. शालूची तलवारवाली दुर्गी नववीत! वर्षभर एक रविवार चुकवला नाही बाईने.

पुढच्या खेपेला रक्तपिशाच्च. विनूने नियम वाचले. एक चावा, दोन इयत्ता गेल्या. बाकीचे राक्षस जखमा करतात, त्या झोपून भरतात. हा कमावलेलंच पितो. सगळ्या इयत्ता संपल्या की आपणही पिशाच्च, आणि आपला माणूस विनूच्या ताब्यात. सोय एकच : बोलावल्याशिवाय त्याला घरात पाऊल टाकता येत नाही.

वानखेडे : “मंग बोलवाचंच नाही गा त्याले!”

रवि. १५
घात झाला. खेळातली धर्मशाळा, दारावर टकटक. विनू अगदी गरीब आवाजात, “आहे का कोणी घरात?” शालू चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, “या नं, बसा. चहा घेता?”

वानखेडेंनी कपाळाला हात लावला. “वहिनी, काहून बोलावलं जी त्याले!”

हसून हसून पोट दुखलं. मग फासा पडला, चावा बसला. दुर्गी नववीतून थेट सातवीत. शालू हसली नाही. विनूलाच वाईट वाटलं, “वहिनी, हे धरत नाही मी.”

“नाही भाऊजी. या मीच म्हटलं. म्हटलं तं म्हटलं.”

मंगळ. १७
शालूचं दोन दिवस कशात लक्ष नाही. भाजीत मीठ नाही. मी चिडवलं, “मीठ पण पिऊन गेला का वं तो?” ताट ठेवून उठून गेली.

चुकलंच. हिची शाळा सातवीत सुटली. उमरेडला वडिलांनी हातमागावर विणायला बसवलं. दुर्गी आठवीत गेली त्या रविवारी हिने शिरा केला होता. मी दोनदा मागून खाल्ला, कशाचा ते विचारलं नाही. गाढव आहे मी. फार माया वाटली आज तिची. बोलून दाखवायला जमलं नाही, भांडी मात्र विसळून दिली.

रवि. २२
वानखेडेंची शिफ्ट, खेळ नाही. दुपारी तांदूळ निवडता निवडता शालू म्हणाली, “अहो, सातवीची आठवी व्हाले किती दिवस लागते?”

मी बोटांवर मोजायला लागलो. दोन राक्षस, एखादा खजिना, विनूने मनावर घेतलं तर तीन रविवार...

“खेळातलं नाही विचारून राहिली मी.”

एकोणतीस वर्षांची आहे. उद्या ऑफिसला उशीर सांगून आधी कॉलनीच्या शाळेत जातो. ते काय म्हणतील कोण जाणे. ही तर आत्तापासूनच विचारते आहे, आठवीचं गणित फार कठीण असते का म्हणून.